मायक्यावरची पन्नी

आमच्या स्वयंपाकघरातल्या एका कपाटाच्या दारावर इस्त्रीचा ठसा आहे. त्यावर गेली अकरा वर्षं आम्ही कॅलेंडर टांगतो. पाहुणे विचारतात, "गुर्जी, कॅलेंडर इतकं खाली कामून लावलं?" मी म्हणतो, "आता मान वर होत नाही." उत्तर खरं आहे. त्याचं कारण मानेचं दुखणं आहे असं पाहुण्यांना वाटतं, आणि मी वाटू देतो.

ही हकीकत सांगायचं मी अकरा वर्षं टाळलं. चौतीस वर्षं 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पोरांकडून वहीत दहा-दहा वेळा उतरवून घेतलं. स्वतः एकदाही उतरवून घेतलं नाही, ही त्यातली पहिली चूक.

निवृत्तीनंतर परतूरला घर बांधलं. भिंती गवंड्यानं उभ्या केल्या आणि लाकडाचं सगळं काम किसन मिस्त्रीकडे दिलं. किसन माझ्याच वयाचा. त्याची मुलगी रेखा माझ्या हाताखाली चौथी झाली, म्हणून तो मला गुर्जी म्हणायचा, आणि मी त्याला अरेतुरे करायचो. बोलायला कमी आणि कामाला हळू. इतका हळू की, एखादा माणूस दार बसवायला सांगून काशीयात्रेला गेला असता, तर परत आल्यावर बिजागरीला हात घातलेला बघायला मिळाला असता. पण दार बसलं की बसलं!

"गुर्जी, घर विटांनी बांधतेत," तो म्हणायचा, "पर दिसतं ते कडांनी."

कडांसाठी तो काहीही करी. स्वयंपाकघराच्या कपाटांच्या मुठी किती उंचीवर लावायच्या हे ठरवायला त्यानं आमच्या सुमनला, म्हणजे माझ्या पत्नीला, चक्क कणीक मळायला बसवलं! मग कणकेच्या हातांनिशी उभं करून म्हणाला, "आता वहिनी, करंगळीनं उघडून दाखवा." करंगळी जिथं पोचली तिथं पेन्सिलची खूण केली. ड्रॉवर आपटू नये म्हणून आतल्या बाजूला शर्टाच्या गुंडीएवढ्या रबराच्या चकत्या लावल्या. आणि स्क्रू! प्रत्येक स्क्रूची खाच उभी. एक जरी तिरकी राहिली तरी पेचकस घेऊन पुन्हा चढायचा.

"अरे किसन, कपाटाच्या आतल्या स्क्रूच्या खाचा कोण बघतंय?"

"कुणीच न्हाई बघत गुर्जी. म्हणून तर बराबर पाह्यजेत."

हे वाक्य मला इतकं आवडलं की, पुढचे दोन महिने मी ते स्वतःचं म्हणून सांगत होतो. गावातले लोक काम बघायला येत. सगळ्यांत जास्त वेळा आले ते सरकीचा व्यापार करणारे शेठ. पलीकडच्या गल्लीत त्यांचा दुमजली बंगला चालू होता आणि त्यातलं सगळं लाकूडकाम अजून कुणाला द्यायचं हे ठरलेलं नव्हतं. शेठ रबराच्या चकत्यांवरून बोट फिरवत आणि ड्रॉवर पाच-पाच वेळा उघडझाप करत. एकदा जाताना म्हणाले, "मिस्त्री, गुर्जींच्या वास्तुशांतीला येतो. सगळं पूर्ण झाल्यावर एकदा बघतो. मंग आपलं नक्की करू." किसन त्या दिवशी चहा दोनदा प्याला. एवढं मोठं काम त्याला आयुष्यात कधी मिळालेलं नव्हतं. रेखाचं लग्न त्या वर्षीच काढायचं होतं.

दिवाळी झाली आणि काम संपलं. कपाटांना वरून मायका लावला होता, म्हणजे फळीवर चिकटवतात तो गुळगुळीत, चकचकीत पत्रा. आमचा दुधी रंगाचा होता. नव्या मायक्यावर ओरखडा पडू नये म्हणून कारखान्यातूनच एक पातळ पन्नी चिकटवून येते. काम झालं की, ती काढून टाकायची असते.

"गुर्जी, पन्नी काढून टाकतो," किसन म्हणाला. नखानं कोपरा उचललाही होता त्यानं.

"खबरदार!" मी ओरडलो.

आता माझं म्हणणं समजून घ्या. आमच्या घराण्यात नवी वस्तू नवीच ठेवण्याची परंपरा आहे. माझ्या वडिलांच्या रेडिओवरचा खोका रेडिओ बिघडला तेव्हा काढला. माझ्या सायकलच्या दांडीवरचा कागद सायकल विकताना घेणाऱ्यानं फाडला. आणि इथं तर वास्तुशांत व्हायची होती! वास्तुशांतीच्या आधी पन्नी काढायची म्हणजे मांडवात यायच्या आधीच नवरीचा पदर ओढण्यासारखं. माझ्या डोक्यात अख्खा कार्यक्रम तयार होता : पूजा होणार, दूध उतू जाणार, मग सगळे पाहुणे स्वयंपाकघरात जमणार आणि माझी थोरली बहीण, धावड्याची आक्का, आपल्या हातानं पहिली पन्नी ओढणार. एखाद्या पुतळ्यावरचा पडदा ओढावा तशी!

"मुहूर्तावर काढू," मी म्हणालो.

"मुहूर्त कवाचा हाय?"

"मार्गशीर्षातला. महिन्याभराचा प्रश्न आहे."

"महिनाभर चालतंय," किसन म्हणाला. "जास्त ठिवू नका मातर. येळेवर काढली तर केळाच्या सालीवानी निघते. ऊन खाल्लं की अंगाची चामडी व्हती तिची."

हे त्यानं पहिल्यांदा सांगितलं. मी मोजून ठेवलंय.

संध्याकाळी सुमननं विचारलं, "अहो, ही पन्नी काढायची न्हाई का? समदं धुळकट दिसून राह्यलंय."

पुतळा, पडदा, आक्का हे सगळं तिला सांगितलं असतं तर ती हसली असती. म्हणून मी सोपं उत्तर दिलं : "मिस्त्रीच म्हणतो, राहू द्या."

एवढंसं खोटं. चकतीएवढं.

मार्गशीर्षात मुहूर्ताच्या चार दिवस आधी धावड्याला माझे एक चुलतचुलते वारले. त्यांना मी आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, पण सुतक काही ओळख विचारून लागत नाही. पौषात वास्तुशांत होत नाही. माघात भटजींनी माझी पत्रिका पाहिली, चेहरा वाकडा केला आणि पत्रिका मिटली. फाल्गुनात आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, आणि आक्काशिवाय वास्तुशांत करणं म्हणजे आक्काला उरलेलं आयुष्यभर विषय पुरवणं! आम्ही भाड्याच्या घरात राहिलो, नवं घर कुलूप लावून बसलं.

होळीनंतर किसन रस्त्यात भेटला. सायकलवरून उतरला.

"गुर्जी, पन्नी काढली का?"

"मुहूर्त लागला नाही अजून."

"मी काय म्हणतो, मी गुपचूप येऊन काढून देतो. कुणाला कळायचं बी न्हाई. ऊन तापून राह्यलंय."

"किसन, गुपचूप काढायचं असतं तर मी स्वतः काढलं नसतं का?"

हे दुसऱ्यांदा.

आमचं स्वयंपाकघर आग्नेयेला आहे, शास्त्राप्रमाणे. अग्नीचं स्थान तिथंच असावं म्हणतात. चैत्र लागल्यापासून तो सकाळी सात वाजता पूर्वेच्या खिडकीतून आत यायचा आणि दुपारपर्यंत कपाटांवर बसून राहायचा. शास्त्राला नावं ठेवायला जागाच नव्हती!

चैत्राच्या शेवटी किसन थेट आमच्या भाड्याच्या घरी आला. ओट्यावर बसला. सुमन आत होती.

"गुर्जी, आज किल्ली द्या. हात जोडतो. शेठ येणार हैत त्या दिवशी."

"अक्षय्य तृतीयेला मुहूर्त आहे. साडेतीन मुहूर्तांतला. आता आठ दिवसांसाठी कशाला घाई?"

"न्हाई निघायची वो ती!"

"न निघायला काय झालं? निघाली नाही तर जबाबदारी माझी. बिलकुल माझी! तू फक्त नवा शर्ट घालून ये. तुझा मान आहे त्या दिवशी."

आमच्याकडे वास्तुशांतीला घर बांधणाऱ्या कारागिरांना आहेर करतात. यजमानानं सगळ्यांसमोर टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायचा, कुंकू लावायचं आणि पंगतीत पहिल्या पाटावर बसवायचं. किसननं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गेला.

हे तिसऱ्यांदा.

अक्षय्य तृतीयेला सकाळपासून अंगाला चटके बसत होते. पूजा झाली, होम झाला, दूध उतू गेलं. किसन पांढरा स्वच्छ शर्ट घालून बाहेरच्या मांडवात शेठच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता, टोकावर, खुर्ची खराब होऊ नये अशा बेतानं. मी त्याला आत येऊ दिलं नाही. "आज तू पाहुणा आहेस, बस!" मग टाळी वाजवून सगळ्या बायकांना आणि निम्म्या पुरुषांना स्वयंपाकघरात बोलावलं. घर भिंतींनी होत नाही, कडांनी होतं, अशा अर्थाचं छोटं भाषण केलं. (ते छोटं होतं असं फक्त मीच म्हणतो.) आणि म्हणालो, "आक्का, ओढ!"

आक्कानं पदर खोचला, नवा गुडघा सावरला, वरच्या दाराचा कोपरा चिमटीत धरला आणि ओढली.

शेवयीएवढी पट्टी निघाली.

"आँ?" आक्का म्हणाली. पुन्हा ओढली. दुसरी शेवयी. तिसऱ्यांदा आक्काचं नख निघालं.

"आक्का, जोर लाव की!"

"जोर लावू? तूच लाव! आमच्या धावड्याला खोडाची साल अशी निघत न्हाई!"

मी लावला. माझ्या हातात नखाएवढा तुकडा आला आणि मागे चिक्की वाळल्यासारखा डिंक राहिला. मग बायकांनी काम हातात घेतलं. एक म्हणाली खोबरेल तेल लावा. लावलं, पन्नी चकाकायला लागली. दुसरी म्हणाली कढत पाणी टाका. टाकलं, पन्नीला सुरकुत्या पडल्या आणि माझ्या सोवळ्याला खोबरेल. आक्का म्हणाली, "बाजूला सरका," आणि उलथणं घेऊन आली. उलथण्यानं पन्नी निघाली नाही, पण खालचा मायका दोन ठिकाणी निघाला.

"आक्का!"

"मंग? तूच म्हणला की जोर लाव!"

त्या क्षणी माझ्यातला शिक्षक जागा झाला. (तो गप्प झोपला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती.) उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात! चौतीस वर्षं शिकवलं होतं! पन्नी प्रसरण पावली की सैल होणार, सैल झाली की निघणार. मी गर्दीला म्हणालो, "इस्त्री आणा."

"अहो, कशाला?" सुमन म्हणाली.

"विज्ञान आहे."

इस्त्री आली. तापली. मी ती कपाटाच्या बरोबर मधल्या दारावर टेकवली. चर्रर्र असा आवाज झाला. बाहेरच्या खोलीत भटजी सामान आवरत होते. तिथून ओरडले, "होमात कुणी काही टाकलं का हो?" आणि दारातून किसनचा आवाज आला, "गुर्जी, थांबा!"

मी थांबलो. इस्त्री थांबली नाही. म्हणजे ती दाराला चिकटली होती आणि मी मूठ धरून तिला लोंबकळत होतो! ओढली तेव्हा पन्नी दारावरून निघाली खरी, आणि इस्त्रीला जाऊन बसली. दारावर उरला एक पिवळसर, टोकदार, अतिशय सुबक ठसा. कडा तर इतक्या स्वच्छ की, किसनलाही नावं ठेवता आली नसती.

किसनच्या मागे शेठ उभे होते.

त्यांनी तेलकट, सुरकुतलेली, शेवया लोंबणारी दारं पाहिली. ठसा पाहिला. मग विचारलं, "मिस्त्री, ही पन्नी आधीच काढायची नसती का?"

किसननं माझ्याकडे पाहिलं. माझी वेळ होती, आणि वाक्यही फार लांब नव्हतं.

आणि तेवढ्यात सुमन, जिनं आयुष्यात कधी खोटं बोललेलं मला माहीत नाही, ती सुमन, पूर्ण प्रामाणिकपणे म्हणाली, "ह्यांनी तर मला दिवाळी झाली तवाच सांगितलं व्हतं. मिस्त्रीच म्हणला म्हणं, राहू द्या!"

स्वयंपाकघरात चाळीस माणसं होती. चाळीसच्या चाळीस माझ्याकडे बघत होती. मी इस्त्रीकडे बघत होतो.

"गुर्जी?" शेठ म्हणाले.

"आता..." मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळतंय? मी मास्तर माणूस. मिस्त्रीनं सांगितलं असतं तर काढली नसती का?"

बोलून झाल्यावर मला वाटलं किसन आता उसळेल. उसळायला हवं होतं. मी तर वाट बघत होतो, की तो उसळेल, मी शरमिंदा होईन आणि विषय मिटेल. पण त्यानं एकदा खाली पाहिलं, आपल्या नव्या शर्टाच्या बाह्या हळूहळू कोपरापर्यंत दुमडल्या आणि म्हणाला, "चुकलं शेठ. माझ्याकडून ऱ्हाऊन गेलं."

शेठ "हं" म्हणाले आणि पंगतीकडे वळले.

मग पंगती बसल्या. पुरणपोळ्या वाढल्या गेल्या. तेवढा वेळ किसन स्वयंपाकघरात थिनर, फडकं आणि बांबूची एक चपटी काडी घेऊन दारं साफ करत होता. धातूचं काही त्यानं लावलंच नाही. तीन पंगती उठेपर्यंत ठसा सोडून सगळं लख्ख केलं त्यानं! आक्काच्या उलथण्याच्या जागी कसला तरी मेणाचा लेप भरून असा घोटला की, आज मलाही त्या जागा सापडत नाहीत. मी आहेराचं ताट घेऊन आत गेलो तेव्हा मागचं दार उघडं होतं. किसन न जेवताच गेला होता. पहिला पाट रिकामाच राहिला; त्याच्यानंतरचा मान आक्काचा, पण तिला गुडघ्यामुळे खाली बसता येत नसल्यानं त्यावर कुणी बसलंही नाही.

शेठच्या बंगल्याचं काम जालन्याच्या एका मिस्त्रीला गेलं. गावात बातमी अशी फिरली की, किसनला आता कामाचं भान राहिलं नाही. पन्नी काढायची विसरतो म्हणे! त्यानंतर किसनकडे खाटांचे पाय, खिडकीची तुटलेली फळी, बैलगाडीचं जू अशी कामं यायला लागली. रेखाचं लग्न त्या वर्षी झालं नाही. पुढच्या वर्षी झालं.

मी माफी मागायला गेलो नाही असं समजू नका. आठव्या दिवशीच गेलो! टॉवेल-टोपी पिशवीत घातली, वाक्य पाठ केलं आणि त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. किसन रंधा मारत होता. हात थांबवून म्हणाला, "या गुर्जी. काय बनवायचं?"

"पाट," मी म्हणालो.

हा शब्द तोंडातून कसा निघाला हे मला आजही सांगता येणार नाही. किसननं लांबी-रुंदी विचारली. मी ती सांगितली आणि पिशवी काखेत मारून परत आलो. चार दिवसांनी पाट आला. कडा गोल घोटलेल्या, स्क्रूच्या खाचा उभ्या.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. "काय बनवायचं गुर्जी?" "पाट."

तिसऱ्या वेळी मनाशी ठाम निश्चय केला होता, की काहीही झालं तरी पाट म्हणायचं नाही. म्हणालो नाही. चौरंग म्हणालो.

काही वर्षांत आमच्या घरात नऊ पाट, दोन चौरंग, तीन पोळपाट आणि एक खुंट्यांची फळी जमली. माणसं दोन. सुमन म्हणायची, "अहो, गावजेवण घालायचं का? आणि जायचंच त्याच्याकडं कामून? आपलं येवढं वाटोळं केलेला मानूस!" ती त्याला कधी चहासुद्धा विचारायची नाही. मी म्हणायचो, "जाऊ दे, चुकतो माणूस." केवढा मोठ्या मनाचा माणूस आहे हा, असं तेव्हा तिला वाटायचं. तिला खरा प्रकार हे वाचूनच कळणार आहे, म्हणून छापायला पाठवायचा हा कागद टपालात पडेपर्यंत मी तो गादीखाली ठेवला आहे.

टॉवेल-टोपी मात्र मी तीन वेळा नव्यानं विकत घेतली. कारण पिशवी खुंटीला असायची आणि कुणी पाहुणा आला की, सुमन त्यातलाच आहेर काढून त्याला द्यायची. किसनच्या मानाची टोपी घालून तिचे दोन भाऊ आणि एक गॅस दुरुस्त करणारा आजही परतुरात फिरतात.

दोन वर्षांपूर्वी किसनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि रेखा त्याला शहागडला घेऊन गेली. तिच्या नवऱ्याचं हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान आहे. मी एसटीनं गेलो. दुकानामागच्या पत्र्याच्या सावलीत किसन खाटेवर बसला होता. माझी चाहूल लागल्यावर मान वळवली.

"गुर्जी का? बसा. कशानं आल्ता?"

"एसटीनं."

बसलो. रेखानं पाणी आणलं. पाणी प्यालो, पुन्हा प्यालो. बाजूला ट्रकचं चाक ठोकत होते. ते थांबल्यावर बोलू, असं ठरवलं. ते थांबलं.

"काय बनवायचं गुर्जी?" किसन म्हणाला.

"बाबा आता काम करत न्हाईत गुर्जी," रेखा घाईनं म्हणाली. "दिसत न्हाई त्यांना."

"तू गप. सांगा गुर्जी."

"...स्टूल," मी म्हणालो.

किसन हसला. असा मोठ्यानं हसताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. "तुमच्या घरी बसाया येवढी मानसं तरी हैत का?"

"येतात," मी म्हणालो.

स्टूल यायला पाच महिने लागले. गेल्या भाद्रपदात जावई टायरच्या गाडीत टाकून घेऊन आला. उलटा करून पाहिला : स्क्रूच्या खाचा सगळ्या उभ्या. डोळ्यांनी नाही तर बोटांनी लावल्या असणार. आणि वर दुधी रंगाचा मायका. आमच्या कपाटांचाच, तोच. त्यावर पन्नी तशीच.

"मामांनी निरोप सांगितलाय," जावई म्हणाला. तोंडपाठ करून आला होता. "म्हणले, तुमच्या कामातला उरलेला तुकडा व्हता. सावलीत ठिवला व्हता. पन्नी गुर्जींनाच काढू दे म्हणले. म्हणले, अजून निघते."

मी कोपरा नखानं जरा उचलून पाहिला. केळाच्या सालीसारखा उचलला गेला. तसाच परत दाबून ठेवला.

त्या दिवशी मी पक्कं ठरवलं. हा स्टूल घेऊन शहागडला जायचं, त्याच्यासमोर पन्नी काढायची आणि वाक्य म्हणायचं. पाट नाही, चौरंग नाही. उद्याच निघणार होतो. पण उद्या पितृपक्ष लागत होता. असल्या कामाला चांगला दिवस असावा म्हणून म्हटलं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. घटस्थापनेला जाऊ.

घटस्थापनेच्या चार दिवस आधी जावयाचा फोन आला.

दहाव्याला गेलो. आमच्याकडे दुखवट्यालाही टॉवेल-टोपीच देतात. पिशवी हातात होतीच. जावयानं वाकून घेतली, डोक्यावर टोपी घातली, आणि अकरा वर्षांनी ती टोपी एकदाची किसनच्या घरात पोचली.

स्टूल स्वयंपाकघरात आहे. सकाळी ऊन आत येतं तेव्हा मी उठून तो सावलीत सरकवतो. दुपारी परत सरकवतो. सुमन म्हणते, "अहो, काढून टाका की ती पन्नी एकदाची!" मी म्हणतो, "काढू. जरा चांगला दिवस बघू."

तोवर ते वाक्य इथं लिहून ठेवतो. दहा वेळा लिहायला हवं, पण एकदाच लिहितो : किसन, तू सांगितलं होतंस. तीनदा सांगितलं होतंस.